रत्नप्रभाबाई बंदरात उतरतात

रत्नप्रभाबाई पहिल्यांदा मेल्या त्या दार लावून घेण्याच्या नादात.

एका गोदामातून त्या बाहेर पडल्या, चार पावलं गेल्या आणि लक्षात आलं की दार उघडंच राहिलंय. लगेच मागे वळल्या. दार ओढून घेतलं, कडी नव्हती म्हणून नीट बसलंय का ते पुन्हा एकदा बघितलं, आणि तेवढ्यात समोरच्या क्रेनवर दबा धरून बसलेल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात गोळी घातली. पडदा काळा झाला. पाठीवरची पिशवी, हातातली बंदूक, मघापासून वेचून वेचून गोळा केलेले बल्ब, तारेची बंडलं आणि औषधांच्या पट्ट्या, सगळं गेलं.

"अगे बाय माझे!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "माका कोणी मारल्यान? मी त्याचा काय वाकडा केललंय?"

पलंगावर उशांना टेकून बसलेला त्यांचा मुलगा सुशांत इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि बाईंना कॉम्प्युटर सोडून त्याची पाठ चोळायला धावावं लागलं. श्वास खाली बसल्यावर तो म्हणाला, "आई, ते घर तुझं नाही. दार उघडं राहिलं तर राहू दे ना."

"असा उघडा दार टाकून जातत काय कोण?" बाईंनी विचारलं. त्यांना ते खरंच पटलं नव्हतं.

खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, बाई त्याला नुसतं 'बंदर' म्हणत. ओसाड पडलेलं एक बंदर, त्यात गोदामं, क्रेन, गंजलेली जहाजं आणि कामगारांच्या पडक्या खोल्या. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून तिथे उतरतात. आपणही पाठीला पिशवी लावून उतरायचं, मिळेल ते उचलायचं आणि वेळ संपायच्या आत ठरलेल्या एखाद्या वाटेने जिवंत बाहेर पडायचं. बाहेर पडलात तर उचललेलं सगळं तुमचं, ते तुमच्या कोठीत जमा होतं. मध्येच मेलात तर अंगावरचं सगळं मारणाऱ्याच्या घशात. हा मारामारीचा खेळ नाही, बाहेर पडण्याचा खेळ आहे, असं सुशांत प्रत्येक नवशिक्याला ऐकवायचा. आणि आता त्याच्या नशिबी नवशिकी म्हणून साठी उलटलेली स्वतःची आई आली होती.

बाई मूळच्या मालवणकडच्या, मसुऱ्याच्या. लग्न होऊन लालबागला आल्या तेव्हा सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली, खोली गेली आणि मसुरकरांचं बिऱ्हाड चारकोपच्या एका सेक्टरमधल्या बैठ्या घरात येऊन पडलं. नवरा, चंद्रप्रकाश, जवळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होता. बाई घरून मासळीचे डबे करून द्यायच्या. बोलणं फटकळ, हात मात्र सढळ. शेजारणीची वाटी त्यांच्याकडे आली की ती कधी रिकामी परत गेली नाही. द्यायला काही नसलं तर चिमूटभर साखर घालून जायची, पण जायची काहीतरी घेऊनच. गिऱ्हाइकाने धुऊन रिकामा डबा परत दिला की बाईंना राग यायचा. डब्यात दोन शेंगदाणे टाकायला काय धाड भरली होती मेल्याला, असं त्या उघड म्हणायच्या.

सुशांत एसी दुरुस्त करायचा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत त्याची गिऱ्हाइकं होती. दोनेक वर्षांपूर्वी एका बाल्कनीत काम करताना स्क्रू ड्रायव्हर हातातून निसटला. पुन्हा निसटला. मग शर्टाची बटणं लागेनात. मग चप्पल पायातून सुटायला लागली. तपासण्यांचं चक्र फिरून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत जातात, डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं, आणि औषध नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन बांगड्याचं तिखलं केलं, कारण सुशांतला ते आवडतं आणि तेव्हा त्याला गिळता येत होतं.

बंदर हा त्याचा जुना नाद. मुलुंडचा नितेश हा त्याचा खेळातला जोडीदार, दोघे वर्षानुवर्षं एकत्र उतरायचे. सुशांतच्या बोटांतला जोर गेला तेव्हा नितेश एका रविवारी बाइकवरून दुसरा कॉम्प्युटर पाठीला बांधून आला. सुशांतच्या अंगठ्याखाली बसेल अशी एक बारकी दांडी त्याने जोडून दिली. तिच्याने सुशांतला चालता यायचं, वाकता यायचं, पण बंदूक चालवता यायची नाही. पडलेली वस्तू उचलता यायची नाही की दार उघडता यायचं नाही.

"त्यासाठी कुणीतरी सोबत लागणार," नितेश म्हणाला. "मी रविवारी येईन रे ऑनलाइन. बाकीचे दिवस?"

सुशांतने आईकडे बघितलं. बाई कोलंबी सोलत होत्या. त्यांची बोटं किती भराभर चालतात हे त्याने लहानपणापासून बघितलं होतं.

अशा रीतीने दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की रत्नप्रभाबाई पदर खोचून बंदरात उतरायला लागल्या.

सुशांतची शिकवण साधी होती, पण बाईंच्या अंगवळणी पडता पडता त्याच्या नाकी नऊ आले. पहिलं म्हणजे पळायचं नाही. पळणाऱ्याच्या पायांचा आवाज लांब जातो आणि त्याला स्वतःला दुसऱ्याचा येत नाही. थांबायचं, ऐकायचं, मग पाऊल टाकायचं. हे मात्र बाईंना आधीपासून यायचं. घराच्या पत्र्यावर मांजर चाललंय की शेजारच्या चंपाचा धाकटा पतंग काढायला चढलाय हे त्या स्वयंपाकघरातून सांगायच्या. बंदरातही पत्रा, फळी आणि खडी यांवरची पावलं त्यांनी चटकन ओळखायला घेतली.

दुसरं, एकच जागा पाठ करायची. नवशिके आज इकडे, उद्या तिकडे भटकतात आणि सगळीकडे मरतात. बाईंना इंग्रजी नावं राहीनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. लांबलचक शेड म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेट. ओट्यांची रांग म्हणजे मासळी बाजार. तीन रस्ते मिळतात तो सेक्टर दोनचा नाका. आणि बाहेर पडायची त्यांची आवडती वाट, जिथे एक मोटरबोट लागायची आणि तिच्यात थोडा वेळ जीव मुठीत धरून उभं राहावं लागायचं, तो मार्व्याचा धक्का. सुशांत कॉलेजात असताना मित्रांबरोबर मार्व्याहून बोटीने मनोरीला जायचा आणि तिन्हीसांजेच्या आत परत यायचं कबूल करून कधीच यायचा नाही. ते आठवून बाई त्या धक्क्याची वाट धरताना दरवेळी त्याला एक टोमणा मारायच्या.

तिसरं, हाव धरायची नाही. पिशवी अर्धी भरली की वाट धरायची. आणि उतरताना साधीच बंदूक न्यायची, गेली तर रडू येणार नाही अशी. या शेवटच्या गोष्टीत बाई गुरूच्या पुढे गेल्या. त्यांनी बंदूकच काय, कोठीतली एकही चांगली वस्तू बाहेर काढली नाही. सुशांतने हात चालत होते तोवर जमवलेल्या भारी बंदुका, जाड चिलखतं, सगळं जसंच्या तसं. त्यांच्या शोकेसमध्ये लग्नातला कपबश्यांचा सेट अजून न वापरलेला होता, तसंच हे.

"जरा चांगलं घालून जा ना," सुशांत म्हणाला. "सीझन संपला की कंपनी सगळ्यांची कोठी पुसून टाकते. तेव्हा कुणाचंच काही राहत नाही. कुणासाठी ठेवतेस?"

"तू बरो झालस की तुका लागतला," बाई बोलून गेल्या.

 पडद्यावरची सुशांतची बाहुली गोदामाच्या कोपऱ्यात नुसती उभी राहिली. बाईंना आपली जीभ चावावीशी वाटली.

काही खोडी मात्र जाता जाईनात. रिकाम्या खोल्यांतले दिवे त्या बंद करत फिरायच्या. एकदा चुकून माइक चालू राहिला आणि समोर आलेल्या परक्या खेळाडूला त्यांनी दरडावून विचारलं, "तू कोणाचो रे?" तो बिचारा इतका दचकला की गोळी न मारताच निघून गेला. त्यावरून त्यांना वाटलं की माणसं चांगली असतात. दुसऱ्या दिवशी 'मित्र, मित्र' असं इंग्रजीत ओरडत आलेल्याला त्यांनी वाट करून दिली, आणि त्याने त्यांना पाठीत गोळी मारली. सर्वात मोठी खोड डब्यांची. बंदरात जागोजागी पेट्या असतात, उघडायच्या आणि आतलं घ्यायचं. बाई आतलं घ्यायच्या आणि आपल्या पिशवीतलं काहीतरी आत ठेवायच्या. कधी काडेपेटी, कधी बिस्किटांचा पुडा. त्यात वेळ जायचा आणि वेळ गेला की जीव जायचा.

"काकी, कुणासाठी ठेवता?" नितेश मुलुंडहून कानात हसायचा.

"मागसून कोण येयत त्याका. रिकामो डबो बघून माणसाक कसा वाटता, तुका काय ठाऊक?"

इथपर्यंत सगळं हसण्यावारी न्यायचं. न नेण्यासारखी गोष्ट एकच होती. बंदरात गोळी लागून पडलेला माणूस लगेच मरत नाही. तो थोडा वेळ जमिनीवर कण्हत पडतो आणि जोडीदाराने जवळ येऊन एक बटण धरून ठेवलं तर त्याला पुन्हा उभं करता येतं. पण त्याला वेळ लागतो, आवाज होतो आणि मारणारा तिथेच टपून असतो. म्हणून सुशांतचा शेवटचा नियम, जो तो रोज उतरताना सांगायचा. "मी पडलो तर मागे फिरायचं नाही. तू बाहेर पड."

तो रोज पडायचा, आणि बाई रोज मागे फिरायच्या. मग बटण दाबून ओणव्या झालेल्या असताना त्याही मरायच्या. महिने गेले, पण मायलेकांपैकी एकही बंदरातून बाहेर पडला नाही.

एका दुपारी असंच झालं तेव्हा सुशांत चिडला. एव्हाना त्याची जीभ जड झाली होती, शब्द तोंडात घास धरल्यासारखे यायचे आणि चिडला की आणखीच घोळायचे. "धक्का समोर होता, आई. समोर! तू ऐकत का नाहीस?"

बाईंनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "माका येडी समजा नको. ह्या खेळातसून तू माका काय शिकवतस तां माका कळता."

"कळतं?"

"कळता."

"मग शिक ना," सुशांत म्हणाला.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

गोष्ट अशी होती. घरी येऊन सुशांतला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी पावसाळ्याआधीच सगळं स्पष्ट सांगितलं होतं. आता छातीचे स्नायू थकणार. एक वेळ येईल की श्वास पुरणार नाही. त्या वेळी गळ्याला भोक पाडून मशीन लावता येतं, त्यावर माणूस पुष्कळ दिवस राहू शकतो, पण हलता-बोलता येत नाही. किंवा मशीन लावायचं नाही, औषधांनी घुसमट कमी करायची आणि घरीच जाऊ द्यायचं. सुशांतने तिथल्या तिथे मशीन नको म्हणून सांगून टाकलं.

"त्याने त्याचं सांगितलंय, मावशी," डॉक्टरबाई निघताना दारात म्हणाल्या होत्या. "पण तेव्हा त्याला बोलता येणार नाही. त्याच्याजवळ तुम्ही असाल. तुम्ही घाबरून अँब्युलन्स बोलावलीत की पुढचं सगळं आपोआप होत जातं, कुणी थांबवत नाही. तुमचं मन तयार झालं की मला फोन करा. तोपर्यंत मी काही ठरवणार नाही."

बाईंनी फोन केला नव्हता.

चंद्रप्रकाश बाथरूममध्ये पडले होते तेव्हा बाईंनीच हॉस्पिटलमध्ये सगळ्यांचे पाय धरले होते. काय वाट्टेल ते करा, मशीन लावा, पण माणूस परत आणा. माणूस परत आला नाही. नुसता श्वास चालू राहिला. झोपेत नळी ओढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्यांना पट्टीने बांधले होते. सुशांत तेव्हा विशीत होता. तो रोज पायथ्याशी उभा राहून त्या बांधलेल्या हातांकडे बघायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही. बाई आल्यागेल्याला सांगायच्या, आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही. ते खरंच होतं, आणि तेच त्यांना आता रात्रंदिवस खात होतं.

शिवाय लोकांची भीती. ती नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. नवऱ्याच्या वेळी हात जोडले आणि पोराच्या वेळी हात झटकले, असं सेक्टरभर झालं असतं. आईनेच मरू दिलं म्हणाले असते. आणि लोकांचं सोडा, स्वतःचं काय? ज्याला घास घास भरवून वाढवला त्याचा श्वास अडलेला बघत नुसतं बसून राहायचं, हे कोणत्या आईला जमतं? बाईंना सुशांतचा राग यायचा, डॉक्टरबाईंचा यायचा, देवाचा तर यायचाच. कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दिवाळीनंतर एका सकाळी पेज भरवताना घास श्वासनलिकेत गेला. सुशांत निळा पडायला लागला.  बाईंनी ओरडून चंपाला हाक मारली, त्याला पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या आणि दुसऱ्या हाताने फोन उचलला. सुशांतने त्या फोनकडे बघितलं. मान हलवायची ताकद नव्हती, नुसते डोळे. बाईंचा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात घास सुटला, खोकला आला, रंग परतला.

चंपा शेजारच्या घरातून धावत आली तोवर सगळं निवळलं होतं. तिने पाणी दिलं, बाईंना खाली बसवलं. "पुढच्या वेळी थेट हॉस्पिटलात न्या हां काकी," ती म्हणाली. "वाट कसली बघता? वाट लागेल अशाने." चंपाचं काही चुकत नव्हतं. बाईंनी मान डोलावली.

 ती गेल्यावर बाई फरशीवर सांडलेली पेज पुसत होत्या. पुसून झालेली जागाच पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"आई," सुशांत म्हणाला. आता त्याचं बोलणं परक्याला कळत नसे, बाईंना कळायचं. "उतरायचं?"

"आज?"

"आज. आणि चांगलं घालून."

जेवणं झाली, म्हणजे बाईंनी दोन घास ढकलले. मग कोठी उघडली. पहिल्यांदाच त्यांनी ते जपून ठेवलेलं जाड चिलखत सुशांतच्या बाहुलीच्या अंगावर चढवलं आणि दुसरं आपल्या. भारी बंदूक घेतली. नव्या कपड्यांतल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि दोघे बंदरात उतरले.

त्या दिवशी बाई चांगल्या खेळल्या. नाक्यावर थांबून ऐकलं, खडीवर दोन माणसं पळत गेली तेव्हा भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मासळी बाजारात पिशवी अर्धी भरली तशी हाव न धरता वाट धरली. सुशांतची बाहुली मागून हळूहळू येत होती, त्याचा अंगठा लवकर दमायचा. इंडस्ट्रियल इस्टेट ओलांडली की धक्का. शेडमधून जाताना बाईंनी सवयीने एक दिवा बंद केला.

गोळी खिडकीतून आली. सुशांत पडला. बाईंनी वळून खिडकीकडे बंदूक रिकामी केली, तिथली सावली कोसळली की पळाली ते कळलं नाही. मग सगळं शांत झालं. समोरच्या उघड्या दारातून धक्का दिसत होता आणि धक्क्याला बोट लागलेली होती. मागे, शेडच्या मध्यावर, सुशांतची बाहुली एका कुशीवर पडून कण्हत होती.

"जा," पलंगावरून सुशांत म्हणाला.

बाई दारापर्यंत गेल्या. आणि मागे फिरल्या.

सुशांतने डोळे मिटून घेतले. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, तो शब्द नव्हता.

बाई बाहुलीजवळ आल्या, गुडघ्यावर बसल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली. ती त्यांना आता पाठ होती: उठवायचं असेल तर हे बटण धरून ठेवा. बाईंचं बोट त्या बटणावर येऊन थांबलं. बाहेर कुठेतरी पत्र्यावर पाऊल वाजलं. त्यांनी ते ऐकलं.

बोट त्यांनी उचललं. दुसरं बटण दाबून सुशांतच्या पाठीवरची पिशवी उघडली. आतलं काहीच काढलं नाही. आपल्या पिशवीतून साखरेचा पुडा काढला, तो त्याच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी बंद केली. मग उठल्या. शेडमधला उरलेला दिवा बंद केला. बाहेर पडून दार ओढून घेतलं, नीट बसलंय का ते बघितलं, आणि न पळता, थांबत, ऐकत धक्क्यापर्यंत गेल्या. बोटीत उभ्या राहिल्या. आज त्यांनी टोमणा मारला नाही. इंजिन सुरू झालं, बंदर धुक्यात मागे सरत गेलं आणि पडद्यावर ती पाटी आली जी त्यांनी आपल्या नावावर कधी बघितली नव्हती. जिवंत बाहेर.

दुसऱ्या पडद्यावर, सुशांतच्या, अंधार झाला होता.

बाईंनी हेडफोन काढले. खुर्ची वळवली. सुशांतच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याला स्वतःला पुसता येत नव्हतं. बाईंनी पदराने पुसलं, मग त्याच पदराने स्वतःचे डोळे पुसले.

"काय ठेवलंस?" त्याने विचारलं.

"साखर."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. अलीकडे तेवढंच हसू राहिलं होतं. "डबा..." तो म्हणाला आणि पुढचा शब्द त्याला जमला नाही. बाईंना तो कळला.

नंतर त्याला उशांवर नीट टेकवून, खिडकीचा पडदा ओढून बाई मागच्या दाराशी गेल्या. चंपाने अंगणात पापड वाळत घातले होते. तिने हात केला, बाईंनीही केला. मग त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. पलीकडून "बोला मावशी" ऐकू आलं. 

"मशीन नको," बाई म्हणाल्या. "अँब्युलन्स बोलवूचंय नाय. तुम्ही सांगाल ती औषधां देयन. कोण काय म्हणतला तां मी बघतंय."

"बरं. मी उद्या येते, सगळं नीट समजावते. नर्सही येईल. तुम्ही एकट्या नसाल."

"एक इचारू?"

"विचारा ना."

बाईंनी आत बघितलं. दोन्ही पडदे आपोआप विझले होते. सुशांतचे डोळे मिटलेले होते आणि छाती हळू, कष्टाने वरखाली होत होती.

"मागे ओढूचंय नाय त्याका," त्या म्हणाल्या. "पण खेळात कसा, माणसाक सोडून बोटीत जावचा लागता. माझ्याच्यान तां होवचा नाय. मी त्याच्या बाजूक बसतलंय. हात धरून. शेवटपर्यंत. तां चलात मा?"